बिस्लीचा माळ आणि लाकडी रायफलीचा नेम

लंडनला जाणारा माणूस राजवाडा पाहतो, थेम्स नदीवरचा पूल पाहतो, चार फोटो काढतो आणि परत येतो. वाचकहो, तुमचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा तिकडे नोकरीला असेल आणि तुम्हाला त्याच्याकडे जाण्याचा योग आलाच, तर एक दिवस वेगळा ठेवा. वॉटर्लू स्थानकावर जा आणि ब्रुकवुडचे तिकीट काढा. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास आहे. वोकिंग गाव मागे पडले की पुढचेच स्थानक ब्रुकवुड.

उतरल्यावर एका बाजूला मोठी दफनभूमी लागते. १८५४ साली ती सुरू झाली. तिच्यात पारशी समाजाचा एक वेगळा भाग आहे आणि आपल्या जमशेटजी टाटांची समाधी तिथेच आहे. १९०४ साली जर्मनीत त्यांचे निधन झाले आणि त्यांना इथे आणले. दोन फुले वाहावीत आणि मग दुसऱ्या बाजूच्या रस्त्याला लागावे. मैलभर चालले की बिस्लीचा माळ येतो.

माळच म्हणायचा. रेताड जमीन, खुरटी झुडपे, मधून मधून सूचिपर्णी झाडे आणि भूर्जवृक्ष. आपल्या दृष्टीने नांगर घालण्याजोगी ही जमीन नव्हे. पण नेमबाजांच्या जगात या नापीक माळाचे नाव मोठे आहे. इंग्लंडची राष्ट्रीय रायफल संघटना १८९० साली विम्बल्डनहून इथे आली आणि तेव्हापासून इथेच आहे. १९०८ आणि १९४८ सालच्या लंडन ऑलिम्पिकमधली बहुतेक नेमबाजी इथे झाली. २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हाही नेमबाजीसाठी सगळे खेळाडू इथेच आले होते. आपल्या अंजली भागवत यांनी त्या खेपेस चार सुवर्णपदके मिळवली, ती याच माळावर.

आत शिरलात की तुम्हाला माथेरान किंवा पाचगणीची आठवण होईल. लाकडी बैठे बंगले, पुढे पडवी, वर पत्रा, कुंपणाशी फुलझाडे. हे वेगवेगळ्या मंडळांचे आणि देशांचे क्लब. कॅनडावाल्यांचे घर १८९७ सालचे आहे. बंगल्यांच्या पलीकडे गोळीबाराची मैदाने. 'सेंच्युरी' नावाच्या मैदानावर शंभरावर निशाण्या एका ओळीत उभ्या राहतात आणि अंतर ६०० वारांपर्यंत असते. 'स्टिकलडाउन' मैदानावर ते १२०० वारांपर्यंत जाते. लाल निशाण वर असले म्हणजे गोळीबार चालू आहे असे समजावे आणि आखून दिलेली हद्द ओलांडू नये.

दरवर्षी जुलै महिन्यात इथे मोठी जत्रा भरते. जत्राच ती. तंबू पडतात, दुकाने लागतात, देशोदेशीचे लोक येतात. शेवटच्या दिवशी राजाच्या नावाचे पारितोषिक असते. सिंहासनावर राणी असेल तेव्हा ते राणीचे पारितोषिक. जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन, वाजतगाजत क्लबाक्लबांतून फिरवतात. आपल्याकडे मैदान मारणाऱ्या पैलवानाची मिरवणूक निघते तसाच थाट.

रायफल वाकडी का मारते?

पण आज तुम्हाला इथे आणले ते मिरवणुकीसाठी नव्हे. इथे एका साध्या लाकडी रायफलीच्या अंगात नेम कसा भरतात, ती विद्या पिढ्यान् पिढ्या जपली गेली. ती शेतकऱ्याच्या घरात ऐकण्यासारखी आहे, कारण तिचे मूळ सुतारकामात आहे.

त्या रायफलीचे नाव ली-एनफिल्ड. आपण तिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतो. पोलिसाच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली, नळीच्या तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली जाड बंदूक ती हीच. आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होत असे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० सालच्या प्रजासत्ताक दिनी संचलनात समारंभाने निरोप दिला. वजन सुमारे चार किलो, पोटात दहा गोळ्या. बनवली लढाईसाठी, पण बिस्लीला याच बंदुकीने लोक हजार वारांवरची निशाणी टिपत.

आता गंमत पाहा. कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन रायफली सारख्या मारत नाहीत. एक पाचही गोळ्या मुठीएवढ्या जागेत घालते, दुसरी त्याच गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरते. दोघींची नळी चांगली, माणूस तोच, दारूही तीच. मग फरक कुठला? बहुतेक वेळा तो लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात असतो.

गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. घंटेवर टोला पडल्यावर घंटा थरथरते तशीच. गोळी नळीत असते ती फक्त सेकंदाच्या एक-दोन हजारांश भाग. तेवढ्यातल्या तेवढ्यात नळी दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. पण लाकडाचा एखादा उंचवटा नळीला कुठे टेकला, आज टेकला आणि उद्या टेकला नाही, तर थरथर बदलते आणि गोळी भरकटते.

किती भरकटते याचा हिशोब कोणीही करावा. नळी सुमारे ६४ सेंटिमीटर लांब. तिचे तोंड एका कागदाच्या जाडीइतके, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, बाजूला गेले असे धरा. हजार वारांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळी १४ सेंटिमीटर बाजूला पडते. साडेपाच इंच! एक कागद इकडचा तिकडे झाल्याची ही किंमत.

आणि लाकूड हलते हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच दारातून फट दिसते. गाडीचे चाक वैशाखात खुळखुळते. लाकूड रेषेच्या दिशेने फारसे वाढत नाही. आडवे मात्र फुगते आणि आकसते. रायफलीचे लाकूडही त्याच जातीचे. चांगल्या रायफलीला अक्रोडाचे लाकूड लावत. युद्धाच्या घाईत बीच आणि बर्च यांचेही लावले. लाकूड पुरते मुरलेले नसेल तर कारखान्यात नीट बसलेला सांधा वर्षभरात सुटतो.

तीन पिढ्यांचे घर

हा सांधा पुन्हा नीट बसवण्याच्या कामाला बिस्लीत 'रेग्युलेट करणे' म्हणतात. या कामात फुल्टन घराण्याचे नाव सर्वांत मोठे. जॉर्ज फुल्टन यांनी १८८८ साली राणीचे पारितोषिक जिंकले. त्यांचा मुलगा आर्थर याने १९१२, १९२६ आणि १९३१ अशा तीन वेळा राजाचे पारितोषिक मिळवले. नातू रॉबिन याने १९५८ साली राणीचे मिळवले. आजोबा, मुलगा, नातू, तिघेही विजेते! आणि तिघांचेही घर बंदुकीच्या कामाचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या रायफलीवर 'रेग्युलेटेड बाय फुल्टन' असा शिक्का बसे. आजही जुन्या बंदुकांचे शौकीन तो शिक्का शोधत फिरतात.

त्यांचे काम काय असे? नवी नळी नाही, जादूचा तेलपाणी नाही. एकच प्रश्न: लाकडाने लोखंड कुठे घट्ट धरायचे आणि कुठे मोकळे सोडायचे? नवशिक्याला वाटते की सगळे स्क्रू आवळले की काम झाले. अनुभवी माणूस तसे करत नाही. गाडीचा आस माणीत घट्ट ठोकला तर चाक फिरेल काय? बैल उभा राहील. पण आरे माणीत सैल ठेवले तर चाक मोडेल. प्रत्येक सांध्याचा धर्म वेगळा. बंदुकीतही तसेच आहे.

घरच्या घरी काय करतात?

इंग्लंडात पोलिसांचा परवाना असलेला नेमबाज आपल्या रायफलीच्या लाकडाचे पुष्कळसे काम घराच्या मागच्या खोपटात स्वतः करतो. पाना, स्क्रूड्रायव्हर, पटाशी, कानस, काजळी आणि भरपूर सवड, एवढेच सामान. कामाची रीत अशी:

पहिली गोष्ट, बंदूक रिकामी आहे याची खात्री. बोल्ट काढून ठेवतात, नळीतून आरपार उजेड पाहतात आणि गोळ्या त्या खोलीतच ठेवत नाहीत. हे झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, खोलण्याचा क्रम. ली-एनफिल्डचे लाकूड दोन तुकड्यांचे असते. खांद्याला लागतो तो दस्ता वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. जुन्या पद्धतीच्या रायफलीत त्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. दस्ता हलतो आहे म्हणून कोणी पुढचे लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला, तर पुढचे लाकूड उभे चिरते. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मग दस्ता आवळायचा. दस्ता डुगडुगत असेल तर पुढच्या कामाला अर्थच नाही, म्हणून त्याचा नंबर आधी.

तिसरी गोष्ट, धक्का कुठे बसतो ते पाहणे. गोळी सुटली की बंदूक मागे येते. तो सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला असलेल्या दोन लहान खांद्यांवर पडतो. रायफलीचे खरे मर्म हेच. दोन्ही खांदे सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकला तर प्रत्येक गोळीला बंदूक किंचित वळते. हे ओळखण्याची युक्ती आपल्या सुताराची आहे. लोखंडाला काजळीचा पातळ हात द्यायचा, लाकूड बसवायचे, काढायचे. काळा डाग पडला तिथे ते टेकते. तो उंचवटा केसभर खरवडायचा, पुन्हा बसवायचे, पुन्हा पाहायचे. दोन्ही खांद्यांवर सारखा डाग येईपर्यंत हेच. खांदे झिजले असतील किंवा तेलाने मऊ पडले असतील तर तेवढा भाग काढून कठीण लाकडाची चकती काटेकोर बसवून चिकटवतात.

चौथी गोष्ट, पुढचा मोठा स्क्रू. त्याच्या भोकात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. ती लाकडाच्या मापाची हवी. लाकूड आकसून नळकांडी लांब ठरली तर स्क्रू आवळलेला दिसतो, पण लाकूड आत सैलच राहते. नळकांडी आखूड असेल तर आवळताना लाकूड चेपते. म्हणून माप घेऊन तिला कानशीने घासतात, नाहीतर नवी घालतात.

पाचवी गोष्ट, नळी. नळीचा मागचा जाड भाग आपल्या खोबणीत सपाट, पक्का बसला पाहिजे. मध्यावर एक पट्टा स्प्रिंगच्या स्क्रूने नळीला हलकेच खाली ओढतो आणि तोंडाजवळ स्प्रिंगची एक गुंडी तिला हलकेच वर उचलते. ही दोन ठिकाणे सोडली तर बाकी लांबीत लाकडाने नळीला शिवू नये. कागदाची पट्टी नळीभोवती घालून सरकवून पाहतात. जिथे अडकते तिथे लाकूड खरवडतात.

शेवटी तेल. कशाचे म्हणाल? जवसाचे! आपल्या विदर्भात जवस पिकते, तिचेच तेल. हातावर दोन थेंब घ्यायचे, तळवा गरम होईपर्यंत लाकडावर चोळायचे, दिवसभर मुरू द्यायचे आणि पुन्हा तेच. एकदम भिजवायचे नाही. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते आणि ओल आत शिरण्याचा वेग कमी करते. यंत्राचे तेल मात्र लाकडावर टाकू नये. ते सुकत नाही, लाकूड मऊ करते. तेल चोळलेल्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

आणि एक नियम सर्वांत कठीण: एका वेळी एकच बदल. एक काम करायचे, मैदानावर जाऊन पाच गोळ्या टाकायच्या, निशाणीचा कागद तारीख घालून जपून ठेवायचा. मग दुसरे काम. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेम सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. बिघडला तरी कळत नाही. शेतात एकदम नवे बी, नवे खत आणि नवे औषध वापरणाऱ्याला जसे कळत नाही, तसेच.

एका तुकड्याचे लाकूड असलेल्या रायफलींना पुढे आणखी एक उपाय निघाला. धक्का घेणाऱ्या भागाजवळचे थोडे लाकूड कोरून काढतात, लोखंडाला मेण चोळतात म्हणजे ते चिकटत नाही, आणि मधल्या जागेत इपॉक्सी भरून रायफल बसवतात. घट्ट झाल्यावर लोखंडाचा हुबेहूब साचा तयार होतो, आणि तो पावसाने फुगत नाही.

घोड्याची ओढ, बोल्ट, गोळी बसते ती कोठी आणि नळी यांना मात्र शहाणा माणूस घरी हात लावत नाही. तिथे चूक झाली तर नेम चुकत नाही, बंदूक फुटते. ते काम जाणत्या कारागिराचे. विक्रीला जाणारी नळी लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात जादा दाबाची गोळी झाडून तपासलेली असावी लागते, असा तिथला कायदाच आहे.

एका गुणाची गोष्ट

एवढ्या बारीकसारीक खटाटोपाने होते काय, असे तुमच्या मनात आले असेल. मग १९३० सालची हकीकत ऐका. तोपर्यंत सत्तर वर्षे राजा-राणीचे पारितोषिक पुरुषांनीच नेले होते. त्या वर्षी अंतिम फेरीत मार्जरी फॉस्टर नावाची एक बाई उभी राहिली. व्यवसाय काय? कुक्कुटपालन! बिस्लीपासून जवळच फ्रिमली गावी तिचा कोंबड्यांचा फार्म होता. ९०० आणि १००० वारांवरची ती फेरी. हातात सर्वांसारखीच लष्करी थ्री नॉट थ्री. समोर सैन्यातला एक लेफ्टनंट. त्याचे गुण झाले २७९. फॉस्टरबाईंचे झाले २८०. एका गुणाने एक कोंबड्या पाळणारी बाई साऱ्या साम्राज्याच्या नेमबाजांत पहिली आली आणि लोकांनी तिला खुर्चीत बसवून मिरवले.

एक गुण म्हणजे हजार वारांवर काही इंचांचा फरक. वारा ओळखणे, श्वास धरणे, चाप हळू दाबणे, हे सारे तिचे स्वतःचे कसब. पण हातातल्या लाकडाने कागदभर दगा दिला असता, तर ते कसब वाया गेले असते.

आपल्याकडे

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिस्लीच्या मुख्य स्पर्धेतून थ्री नॉट थ्री गेली. आज तिथे खास स्पर्धेसाठी घडवलेल्या रायफली चालतात आणि पुष्कळांना ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवणारे आपले स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. त्यांच्यासारख्यांच्या रायफली अशाच नव्या जातीच्या. तरीही आपली जुनी लाकडी रायफल घेऊन बिस्लीला येणारे लोक आहेत. ऑक्टोबरात जुन्या हत्यारांसाठी खास मेळावाही भरतो.

आपल्या कोकणात आणि डोंगराळ भागात पीकरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असलेली घरे आहेत. त्यांना एक स्पष्ट सांगणे. इंग्लंडातली रीत वाचून बंदूक खोलायला बसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. दस्ता हलू लागला, लाकडाला चीर गेली, तर परवानाधारक कारागिराकडेच न्या. घरी करण्याजोगे काम वेगळे आहे: बंदूक रिकामी करून पुसून ठेवणे, पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला टेकवून न ठेवणे, चुलीच्या वर टांगून लाकूड तडकू न देणे, आणि ती कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवणे. कारागिराकडे गेलात की नुसते 'आवळून द्या' असे सांगू नका. लाकूड कुठे टेकते आहे ते काजळी लावून दाखवा म्हणावे. जाणता असेल तर त्याला आनंदच होईल.

आणि बिस्लीला गेलात तर घाई करू नका. पडवीत एखादा म्हातारा नेमबाज जुनी रायफल पुसत बसलेला दिसला, तर नमस्कार करून शेजारी बसा. त्याने परवानगी दिली की नळी आणि लाकूड यांच्या मधली फट उजेडाकडे धरून पाहा. तोंडापासून मागपर्यंत प्रकाशाची एकसारखी बारीक रेघ दिसली, तर कोणीतरी त्या लाकडावर हिवाळाभर काम केले आहे असे समजा. परतीची गाडी ब्रुकवुडवरून संध्याकाळीही मिळते.